तबला आणि ड्रमसेट एकाच छोट्या स्टेजवर: क्लबात जाझ + राग वाजवताना सा, माइक आणि तिहाईचा मेळ कसा बसवायचा?

कोमल_निषाद

नमस्कार मंडळी. सहाजणांचा संच: टेनर सॅक्स, बासरी, कीबोर्ड (पियानोचाच आवाज), डबल बेस, ड्रम्स, तबला. जागा मुंबईत लोअर परळकडचा एक क्लब, दीडेकशे माणसांचा. स्टेज अंदाजे ५ × ३.५ मीटर. सेट ७५ मिनिटांचा, आठ रचना ठरवल्यात. पुढील गोष्टी अडल्या आहेत:

१) सा. बासरी पांढरी तीनची (ई), तबला काळी एकला (सी शार्प) लावलेला, पियानोवाल्याला एफ आणि बी फ्लॅट सोयीचे, बेसवाला म्हणतो डी शिवाय मजा नाही.

२) ड्रम्स सुरू झाले की तबला गायब. वाढवला की शिट्टी.

३) एक रचना बागेश्रीवर आहे. पियानो डी मायनर सेवन धरून बसतो. बासरीवाला म्हणतो, ही बागेश्री नव्हेच.

४) बारा मात्रांच्या, सॉरी, बारा बारच्या ब्लूजमध्ये तबल्याची तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर संपणं) घ्यायची आहे. दर वेळी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) एकीकडे आणि बँड दुसरीकडे.

यातल्या ज्याला जे नेमकं ठाऊक आहे ते सांगावं. "रियाज करा" हे उत्तर आम्हाला माहीत आहे.

---

उभा_बास

पहिल्या प्रश्नापुरतं. तुमचा बेसवाला बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे.

डबल बेसच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी. सा पांढरी दोनला (डी) ठेवला की सा, म आणि प तिन्ही मोकळ्या तारांवर मिळतात. काळी एकला यातलं एकही मोकळ्या तारेवर येत नाही. त्यामुळे आलापाखाली लांब धरलेला सा सुका लागतो आणि डावा हात थकला की उतरतो. सॅक्सला काळी एक खरं तर सोपी आहे, टेनरवर तो सा ई फ्लॅट म्हणून लिहिला जातो. म्हणजे अडचण सॅक्सची नाही, तारांची आहे.

खरी अडचण तबल्याची. सेटच्या मध्यात तबला दोन सूर वर नेणं म्हणजे गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकत बसणं, आणि इतकी ओढलेली पुडी (तबल्याचं कातडं) पुढची वीस मिनिटं सरकत राहते. म्हणून आठही रचनांना एकच सा शोधू नका. एकच तबला चालेल असे सा शोधा. तबला पांढरी दोनला लावा आणि मग बघा:

- रचना डी मध्ये: तबला षड्जावर.
- रचना जी मध्ये: तोच तबला पंचमावर.
- रचना ए मध्ये: तोच तबला मध्यमावर.
- ब्लूज एफ मध्ये: तबला धैवतावर पडतो. एफ सेवनला तो तेरावा, बी फ्लॅट सेवनला तिसरा, सी सेवनला नववा. कुठेच बोचत नाही.
- ब्लूज बी फ्लॅटमध्ये: इथे गोची. चौथ्या जागेवर ई फ्लॅट सेवन येतो, त्यात डी फ्लॅट असतो आणि तबल्याची चाट (पुडीची कड) डी वाजत राहते. पाचव्या बारला दर वेळी दात आंबल्यासारखं होईल.

म्हणजे पियानोवाल्याचा एफ ठेवा, बी फ्लॅट सोडा. बासरीवाल्याला डी, जी आणि ए अशा तीन बासऱ्या आणायला सांगा, पिशवीत असतातच बहुधा. पांढरी तीनचाच हट्ट असेल तर दुसरा तबला ई ला लावून चुंबळीसकट बाजूला ठेवा. आणि ई च्या रचना सलग घ्या, एक इथे एक तिथे नको.

आठ रचना ७५ मिनिटांत बसणार नाहीत. सहा ठेवा.

---

फेडर_खाली

दुसरा प्रश्न. तबला ऐकू येत नाही याचं उत्तर नव्वद टक्के लोक तबल्याच्या चॅनेलवर शोधतात. ते असतं स्टेजवर, कोण कुठे तोंड करून बसलंय त्यात.

काठ्यांनी वाजवलेला ड्रमसेट मीटरभरावर सहज १०० डेसिबलच्या वर जातो. तबला त्याच्या जवळपासही नाही. तबलावाला प्रेक्षकांकडे तोंड करून बसला आणि ड्रम्स त्याच्या मागे असले, तर तबल्यासमोरचा माइक तबल्यावरून थेट झांजांकडे बघत असतो. तुम्ही तबला वाढवता म्हणजे राइड झांजच वाढवता.

म्हणून तबलजीला ड्रमरकडे तोंड करून तिरका बसवा. तबला पुढच्या डाव्या कोपऱ्यात, ड्रम्स मागच्या उजव्या कोपऱ्यात, मधे निदान २ मीटर. आता माइकची पाठ ड्रम्सकडे येते. कार्डिऑइड माइक बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड असेल तर त्याची बहिरी बाजू सरळ मागे नसते, मागे-तिरकी असते, सुमारे १२५ अंशांवर. मॉनिटरही त्याच हिशोबाने फिरवा. वरकड फायदा म्हणजे दोघं एकमेकांना दिसतात, निम्म्या समा त्यातच सुटतात.

तबलजीला ३० सेंटिमीटर उंच, १.२ × १.२ मीटरचा पाट द्या. जमिनीवर बसवलं तर झांजा त्याच्या डोक्यावरून माइकमध्ये कोसळतात आणि पुढच्या रांगेतल्या उभ्या माणसांना तो दिसतही नाही. पाटाखाली रबर किंवा जाड सतरंजी घाला, नाहीतर सबवूफरची थरथर लाकडातून डग्ग्यात चढते.

माइक: तबल्याला एसएम ५७ (साधा डायनॅमिक माइक) चालतो. पुडीपासून १० ते १२ सेंटिमीटर, चाट आणि शाईच्या (मधला काळा गोल) मधल्या भागावर रोखलेला, पण हाताच्या वाटेत नाही. डग्ग्याला थोडा मोठा डायनॅमिक, तेवढ्याच अंतरावर. दोन माइकांत त्याच्या तिप्पट, म्हणजे ३० ते ३५ सेंटिमीटर अंतर ठेवा. मग एका चॅनेलचं पोलॅरिटीचं बटण दाबून बघा आणि ज्या बाजूला खर्ज भरीव लागेल ती ठेवा. दहा सेकंदांचं काम आहे, कोणी करत नाही.

आता इक्वलायझर. इथे एक चूक हमखास होते. क्लबातला ऑपरेटर सवयीने ३०० हर्ट्झला कापतो, "डबा वाजतोय" म्हणून. पांढरी दोनला लावलेल्या तबल्याचा सा २९४ हर्ट्झला आहे! तुम्ही सा च कापून टाकलात, मग उरते नुसती टकटक. कापायचंच तर ५०० ते ६०० च्या आसपास, २-३ डेसिबल. तबल्याला १०० च्या खालचं सगळं बंद. डग्ग्याला ४० च्या खालचं बंद, २५० ला थोडं कमी. डग्ग्याची मींड, डबल बेस आणि किक तिघंही एकाच खोलीत झोपायला येतात, म्हणून किकमध्ये उशी कोंबा आणि तिला ६० च्या आसपास ठेवा, डग्ग्याला ८० ते १२० ची जागा सोडा.

शिट्टीबद्दल. ती बहुतेक तबल्याच्या सा वरच बसेल. कारण पुडी स्वतः त्या सुराला गुंजते: मॉनिटरमधून सा येतो, पुडी हलते, माइक ऐकतो, परत मॉनिटर. तिथे इक्वलायझरने कापलं की शिट्टी जाते आणि तबलाही जातो. मॉनिटर हलवा, किंवा तबलजीला त्याचाच तबला मॉनिटरमध्ये देऊ नका. त्याला खरं तर बेस आणि तानपुरा हवा असतो. कानातला मॉनिटर असेल तर सोन्याहून पिवळं.

गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारी सोय) लावू नका. डग्ग्यावरचा "घे" दीड सेकंद सरकत जातो आणि गेट त्याची शेपटी तोडतो.

साउंडचेक ड्रम्सपासून सुरू करायची पद्धत आहे, ती उलटी करा. आधी तबला, बासरी, तानपुरा. शिट्टीच्या जेमतेम खाली त्यांची पातळी कुठपर्यंत जाते ते बघा. तीच तुमची छत. बाकी सगळे त्या छताखाली बसवायचे.

---

समेवर_भेटू

@फेडर_खाली यांच्यात भर. निम्मा तोडगा ड्रमरच्या हातात आहे. तबल्याच्या "ना" आणि "ती"ची धार २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असते, राइड झांजेची "टिंग"ही तिथेच. तबला चालू असताना राइड बंद. ब्रश, नाहीतर बारीक काड्यांच्या जुड्या, आणि हाय-हॅट पायाने फक्त २ आणि ४ वर. तबला थांबला की काठ्या उचला. दोघांनी सतत वाजवलं तर साउंडवाला ब्रह्मदेव असला तरी उपयोग नाही. शक्ती या फ्यूजन संचाच्या १९७५ च्या त्या पहिल्या ध्वनिमुद्रणात तबला, घटम, मृदंगम सगळं सुटं सुटं ऐकू येतं, आणि त्यात ड्रमसेट नव्हताच, हे लोक विसरतात.

आता ब्लूज. कोमल_निषाद, तुमची "बारा मात्रा, सॉरी बारा बार" ही चूकच गोंधळाचं मूळ आहे. बारा बार, एका बारला चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. आणि ब्लूजच्याही तीन ओळी असतात, चार-चार बारच्या. एक ओळ, एक आवर्तन. पाचव्या बारला सूर चौथ्यावर जातो तेव्हा दुसऱ्या आवर्तनाची सम. नवव्या बारला तिसऱ्याची सम. प्रत्येक ओळीचा तिसरा बार ही खाली (टाळीऐवजी हात उघडायची जागा). कुठेही जोडकाम करावं लागत नाही.

तबलजीला "बार" सांगू नका आणि ड्रमरला "आवर्तन" सांगू नका. दोघांना "ओळ" सांगा.

तिहाई तिसऱ्या ओळीत घ्या. नवव्या बारच्या पहिल्या मात्रेपासून पुढच्या फेरीच्या समेपर्यंत, सम धरून, १७ मात्रा. पाच मात्रांचा बोल, एक मात्रेचा दम: ५ + १ + ५ + १ + ५ = १७. बोल प्रत्येकाला पाठ असलेला:

तिट कत गदि गन धा | – | तिट कत गदि गन धा | – | तिट कत गदि गन धा

बँडच्या वहीत ते असं लिहा. पहिला धा दहाव्या बारच्या १ वर. दुसरा धा अकराव्या बारच्या ३ वर. तिसरा तुकडा बाराव्या बारच्या १ वर सुरू, त्याचा धा नव्या फेरीच्या १ वर. पियानो, बेस, ड्रम्स यांनी या चार बारमध्ये फक्त तीन धा मारायचे, बाकी हात वर. शेवटच्या दोन बारमधली सुरांची नेहमीची उतरंड पियानोने वाजवायचीच नाही. ती वाजवतो म्हणूनच तुमचा बँड दुसरीकडे जातो, कारण त्याच्या डाव्या हाताला बाराव्या बारच्या ३ वर वळण घ्यायची सवय असते.

दुसरं कारण स्विंग. "तिट" हे दोन समान भाग. स्विंगमधले दोन भाग समान नसतात, मध्यलयीत साधारण दोनास एक. सॅक्सवाला झोका देतो, तबला सरळ जातो, आणि पाच मात्रांत कोणीतरी अर्ध्या मात्रेने पुढे. दोनच वाटा आहेत: त्या चार बारपुरते सगळे सरळ वाजवा, किंवा लय मिनिटाला २०० च्या वर न्या. तिथे स्विंग आपोआप सपाट होत जातो. पहिली वाट घ्या. दुसऱ्या वाटेवर बासरीवाल्याचा दम जाईल.

आणखी एक, बेसवाल्यासाठी. तीनतालाच्या ठेक्यात १० ते १३ मात्रांवर डग्गा बंद असतो. तिथे किकने भरायला जाऊ नये, पण बेसने जरूर चालावं. तिथे तळ मोकळा असतो, एकेक सूर स्वच्छ ऐकू जातो.

---

मध्यम_वादी

बागेश्रीचं मी सांगतो, बासरीवाल्याची बाजू घेऊन.

डी मायनर सेवन म्हणजे डी, एफ, ए, सी. त्यातला ए म्हणजे पंचम. बागेश्रीत पंचम अल्प, आरोहात नाहीच, अवरोहात वाकडा येऊन जातो. वादी (रागाचा मुख्य सूर) मध्यम. तुम्ही दर दोन मात्रांना पंचमावर बसकण मारलीत तर श्रोत्याच्या कानात काफी उभा राहतो, बागेश्री नाही. बासरीवाला "म ध नी ध" म्हणून काहीतरी बांधत असतो आणि खालून पियानो ते पाडत असतो.

तोडगा पियानोच्या हातातच आहे. तिसरा-तिसरा सूर घेऊन रचू नका, चौथा-चौथा घेऊन रचा. डी – जी – सी – एफ. सा, म, कोमल नी, कोमल ग. पंचम नाही. जाझवाल्यांना हा आकार चांगला ओळखीचा असतो, फक्त ते सवयीने वर ए ठेवतात. तो एक सूर काढायला सांगा. दुसरा आकार जी – सी – एफ – बी: म, कोमल नी, कोमल ग, ध. या दोघांत ये-जा करा, सात मिनिटं आरामात निघतात. तिसऱ्या आकाराची गरज मला तरी वाटत नाही.

बेसने वर जाताना डी, एफ, जी, बी, सी. उतरताना सी, बी, जी, एफ, ई, डी. ए ला हात नाही. तानपुराही म-सा लावा, प-सा नाही. पंचम तानपुऱ्यात घुमत असेल तर वर कितीही वगळा, तो ऐकू येतच राहणार.

या सुरावटीची मजा अशी की डी चा सा धरला तर बागेश्रीचे सगळे सूर कीबोर्डच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आहेत. टेनरला त्याच सुरावटीत दोन शार्प लिहिले जातात. वाचायला कोणालाच त्रास नाही.

सॅक्सला एक सूचना: बासरीबरोबर सूर लांब धरताना व्हायब्रेटो बंद. बासरीची मींड आणि सॅक्सचा कंप एकत्र आले की दोघंही बेसूर वाटतात, असले नसले तरी.

---

उभा_बास

@मध्यम_वादी, चौथ्यांचे आकार मान्य. पण टेनरच्या सोलोच्या वेळीही पंचम बंदी ठेवायची? मग सॅक्सवाला तिसऱ्या मिनिटाला तेच ते वाजवायला लागेल. सोलोपुरता काफी होऊ द्या की. बासरी परत आली की पंचम काढा. आणि निवेदनात "बागेश्रीवर आधारित" म्हणा, "बागेश्री" म्हणू नका. भांडण संपलं.

---

मध्यम_वादी

चालेल. मात्र सोलोतून परत येण्याची खूण ठरलेली हवी. म्हणजे बासरी मध्यमावर आली आणि तिथे दोन आवर्तनं थांबली की सगळ्यांनी पंचम सोडायचा. ठरवलं नाही तर बेस पुढची पाच मिनिटं सवयीने ए वाजवत राहतो (तुम्ही नाही हो, बाकीचे).

आणि हा प्रश्न आजचा नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यात लंडनला जॉन मेयर आणि सॅक्सवादक जो हॅरियट यांनी जो दुहेरी संच बांधला, त्यात एका बाजूला जाझचे पाच आणि दुसऱ्या बाजूला सतार, तानपुरा, तबला वगैरे होते. मेयर मूळचे कलकत्त्याचे, व्हायोलिनवादक. तबल्यावर केशव साठे, मुंबईहून तिकडे गेलेले. मेयर यांनी रागाचा आणि तालाचा सांगाडा कागदावर लिहून दिला आणि जाझवाल्यांना ठरलेल्या जागा मोकळ्या सोडल्या. कोण कुठे मोकळा आणि कुठे बांधलेला, हे आधी लिहून ठेवलं होतं. तुम्हीही पानभर लिहा. पुढे १९६८ ला शंकर-जयकिशन यांनी मुंबईत सतार आणि सॅक्स एकत्र आणून रागांवर एक तबकडी काढली. तिथे तुकडे छोटे आहेत, पण वाद्यं एकमेकांना जागा कशी देतात ते ऐकण्यासारखं आहे.

---

कोमल_निषाद

खूपच कामाचं. बी फ्लॅट ब्लूज रद्द, एफ वर नेला. "ओळ" हा शब्द कालच्या तालमीत वापरला, तिसऱ्या प्रयत्नाला तिहाई बसली.

आणखी दोन. तानपुरा मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून देणार आहोत. आणि क्लबात एसी फार थंड असतो म्हणतात. तालमीच्या खोलीत जुळलेले सूर तिथे टिकतील का?

---

फेडर_खाली

टिकणार नाहीत, आणि वाईट म्हणजे बासरी आणि तबला विरुद्ध दिशेला जातील.

थंड हवेत बासरी उतरते, अंशाला साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). तालमीची खोली २८ आणि क्लब २२ असेल तर १८ सेंट खाली, म्हणजे कानाला सरळ बेसूर. सॅक्सही उतरतो, पण त्याला माउथपीस आत ढकलून सावरता येतं. बासरीला ती सोय नाही. तबल्याचं उलट: एसीची हवा कोरडी, पुडी आक्रसते, तबला चढतो. बाहेर पावसाळा असेल तर आणखी मजा. गाडीतून येताना दमट हवेत सैल पडलेला तबला तुम्ही आल्या आल्या ओढून लावता, आणि अर्ध्या तासात तो वर निघून जातो.

म्हणून तबला कव्हरमधून काढून स्टेजवरच तासभर ठेवा, मगच लावा. हातोडी सेटभर जवळ हवी. गजऱ्यावर (पुडीच्या कडेची वेणी) बारीक ठोके, गठ्ठ्यांना शक्यतो हात नको. एसीचा झोत थेट तबल्यावर येत असेल तर तेवढी जाळी वळवून घ्या किंवा पाट अर्धा मीटर सरकवा. बासरीवाल्याने वाजवायच्या आधी दोन मिनिटं नुसती फुंकून बासरी गरम करावी, आणि पुढच्या रचनेची बासरी काखेत धरावी. दिसायला विचित्र, पण काम करते.

कीबोर्ड डिजिटल आहे ही तुमची चैन. बासरी १० सेंट उतरलेलीच राहिली तर कीबोर्डचा ए ४४० वरून ४३७.५ ला आणा. बेस त्याला जुळवेल, तानपुराही. खरा पियानो असता तर सगळ्यांना त्याच्या मागे जावं लागलं असतं.

अ‍ॅपचा तानपुरा: फोन फ्लाइट मोडवर. अलार्मही बंद करा, तो फ्लाइट मोडमध्येही वाजतोच. ३.५ मिलिमीटरच्या पिनेतून स्टिरिओ डीआय बॉक्सला (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी) द्या. चार्जर लावून ठेवलात तर घरघर येण्याची शक्यता मोठी, म्हणून फोन आधी पूर्ण चार्ज करा आणि चार्जर काढा. तरी घरघर आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग भेटतात, त्यांना स्टेजवरून उतरवा.

तानपुरा मॉनिटरमध्ये जास्त, बाहेर अगदी कमी. आणि जिथे पियानो शुद्ध गंधार लांब धरतो तिथे तो बंदच करा. तानपुऱ्याच्या तारेतून जो गंधार आपसूक ऐकू येतो तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा १४ सेंट खाली असतो, दोन्ही एकत्र आले की सूर थरथरतो. बागेश्रीत हा प्रश्न नाही, तुमच्या जी मधल्या रचनेत यमनासारखं काही असेल तर येईल.

क्लबाला आधीच पाठवायची चॅनेलची यादी: किक, ड्रम्सवर एक ओव्हरहेड, बेसचा डीआय, कीबोर्ड डावा-उजवा, सॅक्स, बासरी, तबला, डग्गा, तानपुरा, बोलायचा माइक. अकरा झाली. ओव्हरहेड कंडेन्सर असेल तर ४८ व्होल्ट लागेल, तेही लिहा. बासरीला एसएम ५८, वर फोमची टोपी, फुंकरीच्या भोकाच्या थोडा वर, ६-७ सेंटिमीटरवर, सरळ समोर नाही. समोर ठेवलात की "फुस्स". आणि बासरी त्याच्या उजवीकडे पाऊण मीटर पसरते, त्या बाजूला कोणाला उभं करू नका.

---

बर्फाचा_गोळा

सगळे सुरांचंच बोलताय. आलाप कुठे आहे सेटमध्ये? पहिलाच असेल तर हलवा. पहिली पंधरा मिनिटं लोक बसत असतात, ऑर्डर देत असतात. आलाप तिसऱ्या रचनेला, ३-४ मिनिटांपेक्षा लांब नको.

बारवरचा मिक्सर बर्फ दळायला लागला की पूर्ण बासरी झाकते. बारच्या मुख्य माणसाला सेटची यादी द्या, आलापापुढे चांदणी करा आणि सांगा: ही खूण दिसली की चार मिनिटं मिक्सर आणि कॉफीचं यंत्र बंद. हसत ऐकतात, फक्त आधी सांगावं लागतं. मध्येच स्टेजवरून "शूऽऽ" केलंत तर वेटरही दुखावतो आणि गिऱ्हाईकही.

वेळ: बंद सभागृहाला रात्री दहाचा ध्वनिवर्धकाचा नियम तसाच लागू होत नाही, पण बाहेर आवाज किती जातो यावर मर्यादा आहेच. दार उघडं राहिलं की दहानंतर क्लबवाले सगळ्यात आधी खर्ज कापतात. डग्ग्याची मींड आणि बेसचे लांब सूर ज्या रचनेत आहेत, म्हणजे तुमची बागेश्री, ती दहाच्या आत घ्या. ब्लूज शेवटी, त्याला खर्ज कापलेला सोसतो.

दुसऱ्याच्या रचना वाजवणार असाल तर यादी क्लबला लेखी द्या. आयपीआरएसचा (रचनाकारांच्या हक्कांची संस्था) परवाना बहुतेक ठिकाणी क्लबच काढतो, पण यादी तुमच्याकडून जाते.

---

समेवर_भेटू

क्रम असा लावून बघा: १) डी मधली मध्यलय, सगळे मिळून, ८ मिनिटं. २) जी मधली, सॅक्स पुढे. ३) आलाप + बागेश्री, १५ मिनिटं. ४) ए मधली, इथे तबला आणि ड्रम्सची सवाल-जबाब. आधी प्रत्येकी दोन ओळी, मग एक, मग अर्धी. ५) जी ची दुसरी, छोटी. ६) एफ ब्लूज, तिहाईसकट.

सवाल-जबाबात अर्ध्या ओळीच्या खाली जाऊ नका. एका बारमध्ये ड्रमरला काठीवरून ब्रशवर येता येत नाही, तो काठीच धरून ठेवतो आणि तबला परत बुडतो.

---

कोमल_निषाद

क्रम घेतला. शेवटची शंका: थंड एसीतही तबलजीच्या हाताला घाम सुटतो. पावडर किती?

---

फेडर_खाली

बोटांना चिमूटभर, डग्ग्यावर सरकणाऱ्या मनगटाला थोडी जास्त. ती पाटाच्या खाली वाटीत ठेवा आणि डबा उघडा ठेवून टाळी वाजवून झटकू नका. बाजूला बासरीवाला मोठा श्वास घेत असतो, आणि माइकच्या जाळीत गेलेली पावडर क्लबवाले विसरत नाहीत.